लेण्यांतली पुसट चित्रं डीस्ट्रेचनं कशी वाचावीत

पितळखोऱ्याच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, खांबांवर रंगवलेल्या आकृत्या आहेत. बऱ्याच जागी आता तपकिरी गिलाव्यावर जरा वेगळा तपकिरी डाग, एवढंच उरलंय. त्या दोन तपकिरींतला फरक डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र तो नोंदवता येतो. नोंदवलेला फरक ताणून डोळ्याला दिसेल इतका मोठा करायचा, एवढंच काम डीस्ट्रेच करतं. ते नवं काही रंगवत नाही आणि गेलेलं परतही आणत नाही. सेन्सरनं जे टिपलंच नाही ते बटण दाबून येणार नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग संगणकाबद्दल नसून फोटो घेण्याबद्दल आणि दिसलेली खूण खरंच रंगाची आहे का, हे तपासण्याबद्दल आहे.

रंगातला फरक ताणण्याचं हे तंत्र मुळात उपग्रहचित्रांसाठी वापरलं जात होतं. जॉन हार्मन यांनी २००५ साली ते शैलचित्रांसाठी बेतून डीस्ट्रेच हे प्लगिन, म्हणजे इमेजजे या चित्रांवर काम करायच्या सॉफ्टवेअरला जोडायचा भाग, तयार केलं. जगभर ते प्रामुख्यानं उघड्या खडकावरच्या चित्रांसाठी वापरतात, आपल्याकडे भीमबेटकासारख्या वालुकाश्माच्या निवाऱ्यांत. मराठवाड्यातला खडक बेसाल्ट. इथला खरा ठेवा कातळावर थेट काढलेला नाही, तो लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यावर आहे: अजिंठा, पितळखोरा, वेरूळच्या कैलासाचं छत, ३२ क्रमांकाचं जैन लेणं. (कैलासाला पूर्वी रंगमहाल म्हणत, ते उगाच नाही.) तंत्र तेच राहतं, पण फसवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

आत काय होतं

रंगीत फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. लेण्यातल्या भिंतीच्या फोटोत हे तिन्ही आकडे जोडीनं वरखाली होतात, कारण मुख्य फरक उजेड आणि सावलीचाच असतो. सगळे ठिपके तीन अक्षांवर मांडले तर काकडीसारखा लांबट आकार तयार होतो. लांबी उजेडाची, रंगाचा फरक त्या काकडीच्या जाडीत अडकलेला असतो. समजा रंग असलेल्या जागी ११८, १०४, ९२ आणि कोऱ्या गिलाव्यावर ११४, १०६, ९४ असे आकडे आहेत. या फरकावर कुणाची नजर थांबणार? डीस्ट्रेच त्या काकडीचे तीन अक्ष शोधतं, जाडीच्या दिशा लांबीएवढ्या फुगवतं आणि सगळं पुन्हा मूळ अक्षांवर आणून ठेवतं. काकडीचं कलिंगड होतं, दोन-चारचा फरक चाळीसाचा होतो.

फुगवताना रंगासोबत सगळंच फुगतं हे मात्र विसरू नका. सेन्सरचा दाणा (फोटोतला बारीक कणांसारखा नॉईज), जेपेगचे चौकोन, भिंगाच्या कडेचा अंधार, दारातून येणारा निळसर उजेड हे सगळं त्याच जाडीत बसलेलं असतं.

जाण्याआधी

ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. ट्रायपॉड किंवा दिव्याचा स्टँड लावायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या मंडल कार्यालयात आधी लेखी अर्ज करा. फाटकावर हुज्जत घालून काही मिळत नाही. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

भिंतीला हात लावायचा नाही, खडूनं रेघ ओढायची नाही आणि मुख्य म्हणजे पाणी मारायचं नाही. पाणी मारलं की रंग क्षणभर खुलतो, म्हणून ही सवय एके काळी सगळीकडे होती. पण ते पाणी सुकताना भिंतीतले क्षार वर ओढून आणतं, ते पृष्ठभागावर पांढरे जमतात आणि रंगाचे पापुद्रे उचलले जातात. मातीच्या गिलाव्यात तर भाताचं तूस आणि गवत आहे, ते फुगतं. डीस्ट्रेचचा पहिला फायदा हाच की पाण्याची गरज उरत नाही. संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात भिंत काही जागी ओली, काही जागी कोरडी असते. ओली जागा गडद होते आणि पडद्यावर ती चित्राच्या तुकड्यासारखी उठून येते. वटवाघळं असलेल्या लेण्यात तोंडाला मास्क बांधा. आग्या मोहोळ असेल तर अत्तर लावून जाऊ नका, आणि मोहोळ उठलेलं दिसलं तर त्या दिवशी काम सोडून परत फिरा.

फोटो

फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं न दाबता ठेवणाऱ्या फाइलमध्ये घ्या. जेपेगमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला मिळते, पण रंगाची बहुतेक वेळा चार ठिपक्यांमागे एकदाच ठेवलेली असते, आणि सगळं ८ बाय ८ च्या चौकोनांत दाबलेलं असतं. साध्या फोटोत हे कळतही नाही. डीस्ट्रेच नेमका रंगच ताणतं, त्यामुळे पडद्यावर फरशी अंथरल्यासारखे चौकोन दिसतात आणि बारीक रेषा त्यांत हरवते. मोबाइलवर प्रो मोडमध्ये डीएनजी (रॉचाच एक प्रकार) मिळत असेल तर तो लावा; एचडीआर आणि सौंदर्य वाढवणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. व्हॉट्सअपवरून आलेल्या फोटोवर काम करू नका. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आकडे: आयएसओ १०० किंवा २००, एफ/८, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर. शटर दोन-चार सेकंद गेला तरी हरकत नाही, भिंत हलत नाही. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला टेकू देऊ नका; टेकला की तिथली रंगाची माहिती कायमची गेली. ट्रायपॉडची परवानगी नसेल आणि आयएसओ चढवावाच लागला, तर कठड्यावर हात टेकवून त्याच जागेवरून ९ फोटो घ्या. संगणकात ते एकावर एक नीट बसवून सरासरी काढली की दाणा एक तृतीयांश होतो. घाईत एक फोटो काढून नंतर नॉईज रिडक्शन मारणं हा वाईट सौदा आहे, कारण ते सॉफ्टवेअर पुसट रंगालाही दाणा समजून पुसतं.

किती जवळून? अजिंठ्याच्या तोडीची कुंचल्याची रेषा दोन मिलिमीटरची धरली तर तिच्या रुंदीत निदान ६ ठिपके यायला हवेत, म्हणजे मिलिमीटरला ३. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुंदीला ६००० ठिपके असतात, तेव्हा एका फोटोत २ मीटरपेक्षा जास्त भिंत घेऊ नका. १ मीटर घेतली तर उत्तम. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी भिंग असेल तर १ मीटर रुंदीसाठी साधारण १.४ मीटरवर उभं राहावं लागतं. शेजारच्या फोटोंत निदान ३० टक्के भाग सामाईक ठेवा. वाइड अँगलचा मोह टाळा. त्याच्या कडा काळवंडतात आणि ताणल्यावर चारही कोपऱ्यांत भलताच रंग चढतो. तरीही कडांचा त्रास होत असेल तर त्याच जागी, त्याच उजेडात एक मोठा करडा माउंट बोर्ड भिंतीसमोर धरून फोटो घ्या आणि नंतर संगणकात भिंतीच्या फोटोला त्यानं ठिपक्यागणिक भागा.

भिंतीच्या प्रत्येक भागाचे दोन फोटो घ्या. एकात १० सेंटिमीटरची मोजपट्टी आणि रंगपट्टी (शैलचित्रांसाठी इफ्राओ या शैलचित्र-संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ठरलेली पट्टी असते), दुसऱ्यात काहीच नाही. मोजपट्टी भिंतीला चिकटवू नका. तिला छोट्या स्टँडवर भिंतीपासून बोटभर अंतरावर उभी करा. पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) थोडा चुकला तरी डीस्ट्रेच बरंच सांभाळून घेतं, पण तुमची मूळ नोंद चुकते, आणि वीस वर्षांनी कुणाला हवी असणार ती मूळ नोंदच.

उजेड

बहुतेक फोटो इथंच वाया जातात. लेण्याच्या दारातून येणारा उजेड निळसर, तुमचा एलईडी पिवळसर. दोन्ही एकाच भिंतीवर पडले की ताणल्यावर अर्धी भिंत जांभळी आणि अर्धी शेंदरी होते, आणि चित्र त्या ओढाताणीत हरवतं. उजेड एकच ठेवा. दाराजवळच्या भिंतीसाठी नुसता दिवसाचा पसरलेला उजेड, ऊन थेट आत येत नसतानाची वेळ बघून. आतल्या भिंतीसाठी फक्त दिवे, आणि दाराच्या बाजूनं काळ्या कापडाचा किंवा छत्रीचा आडोसा.

दिवा विकत घेताना वॉटपेक्षा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघा, ९५ च्या वर हवा. बाजारातल्या स्वस्त टॉर्चमध्ये गडद लाल उजेड फार कमी असतो. गेरूचा लाल ओळखायचा तर तोच लागतो. दोन दिवे, दोन्हीकडून ४५ अंशात, भिंतीपासून सारख्या अंतरावर. फोटो होईपर्यंतच पेटते ठेवा.

यानंतर एक दिवा बंद करून दुसरा भिंतीला जवळजवळ समांतर लावा आणि एक जादा फोटो घ्या. तो डीस्ट्रेचसाठी नाही. त्यात गिलाव्याचे खड्डे, टोचे, उचललेले पापुद्रे सावल्यांसह दिसतात, आणि पुढे एखादी रेषा रंगाची की खाचेची, असा वाद आला तर हाच फोटो तो मिटवतो.

संगणकावर

इमेजजे मोफत आहे. डीस्ट्रेच त्याच्या लेखकाकडून मागवावं लागतं. मिळालेली फाइल प्लगिन्सच्या फोल्डरात ठेवायची आणि इमेजजे बंद करून पुन्हा उघडायचं. मोबाइलचं अॅपही आहे. जागेवर उभं राहून कुठला भाग नीट टिपायचा हे ठरवायला ते फार उपयोगी, अभ्यासाला नाही.

रॉ फाइलमधून दोन प्रती काढा: जपून ठेवायला १६ बिटची टिफ आणि डीस्ट्रेचला द्यायला ८ बिटची टिफ. इमेजजेतलं रंगीत चित्र प्रत्येक रंगाला ८ बिटचंच असतं. १६ बिटची टिफ दिली तर ते तिचे तीन वेगळे थर करून बसतं आणि प्लगिन चालत नाही. रॉ उघडताना शार्पनिंग, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन सगळं शून्यावर ठेवा. फोटो मळकट दिसेल. दिसू द्या.

आता सर्वात महत्त्वाची पायरी, जी नवखे गाळतात. बटण दाबण्याआधी चौकोन ओढून भिंतीचा तेवढाच भाग निवडा जिथं चित्राचा संशय आहे, आणि त्यात मोजपट्टी, आकाश, झाड, दाराची चौकट, शेंदूर काही येऊ देऊ नका. डीस्ट्रेच त्या निवडीतले रंग बघून हिशेब करतं आणि तो सगळ्या फोटोला लावतं. चौकटीत एखादा भडक रंग आला तर ताणण्याचा सगळा जोर तोच खातो. मराठवाड्यात हे वरचेवर घडतं, कारण लेण्यातल्या एखाद्या मूर्तीला शेंदूर फासलेला असतो, हळदकुंकू असतं, नाहीतर कुणा प्रेमवीरानं ऑइल पेंटनं आपलं आणि तिचं नाव लिहून ठेवलेलं असतं. निवड केली नाही तर प्रेमवीर झळाळून उठतो आणि बोधिसत्त्व होता तसाच राहतो.

मग रंगावकाश निवडायचा, म्हणजे रंग कुठल्या अक्षांवर मांडून ताणायचे ते; डीस्ट्रेचमध्ये त्यांची तयार बटणं असतात. लाल गेरूसाठी वायआरई, एलआरई आणि वायबीआर; फारच फिका लाल असेल तर सीआरजीबी. पिवळ्यासाठी, म्हणजे पिवडीसाठी, वायडीएस आणि वायवायई. काळ्यासाठी वायबीके. पहिल्यांदा वायडीएस आणि एलआरई एवढे दोन लावून बघा, बहुतेक भिंतींचा अंदाज तेवढ्यात येतो. स्केल, म्हणजे ताणण्याचा जोर, १० ते १५ पासून सुरू करा. रेषा अर्धवट दिसली की हात आपोआप स्केल वाढवायला जातो. २५-३० च्या पुढे गेलात तर दाण्यातही हत्ती दिसायला लागतात. उलट करा: खूण दिसली की स्केल कमी करत जा, आणि ती कुठपर्यंत टिकते ते लिहून ठेवा. ५ वरही टिकणारी खूण भरवशाची.

पांढरा सर्वात अवघड. चुना, क्षार आणि पांढरी माती या तिघांत रंगाचा फरक जवळजवळ नसतोच, आणि डीस्ट्रेच जगतं रंगाच्या फरकावर. तिथं तिरप्या उजेडाचा फोटोच कामाला येतो.

लांब भिंतीचे आठ फोटो असतील तर आधी ते जोडा, मग ताणा. प्रत्येक फोटोचा हिशेब त्याच्या-त्याच्या रंगांवर होतो; वेगवेगळे ताणून जोडलेत तर तोच गेरू एका तुकड्यात किरमिजी आणि दुसऱ्यात निळा येईल. याच कारणानं ताणलेल्या चित्रातला रंग हा रंग म्हणून कधीही लिहू नये. "जांभळं वस्त्र नेसलेली आकृती" असं वर्णन डीस्ट्रेचवरून करणं ही या कामातली सर्वात नेहमीची आणि सर्वात लाजिरवाणी चूक. रंगाचं नाव मूळ फोटोवरून किंवा भिंतीसमोर उभं राहून लिहा.

डीस्ट्रेच नसेल तर गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येही बरंच साधतं. फोटो १६ बिटवर घ्या, रंगाच्या मेनूतून घटकांमध्ये जाऊन लॅबमध्ये विभागा. तीन करडे थर मिळतात: एल उजेडाचा, तो बाजूला ठेवा, ए लाल-हिरव्याचा, बी पिवळ्या-निळ्याचा. ए थराच्या लेव्हल्स दोन्ही बाजूंनी आत ओढल्या की गेरू पांढरा होऊन वर येतो. दिसायला देखणं नाही, पण करड्या चित्रात रंगाच्या नावाची भूल पडत नाही, म्हणून पडताळणीला आम्ही हेच सुचवू.

दिसलेलं खरं आहे का

बेसाल्ट स्वतःच रंगतो. त्यात लोह भरपूर, ते गंजून तांबडे ओघळ येतात, आणि गेरूही लोहाचाच. दोन लाव्हांच्या थरांमध्ये भाजल्यासारखा तांबडा पट्टा असतो, भूशास्त्रज्ञ त्याला रेड बोल म्हणतात. गिलावा पडलेल्या लेण्यात तो पट्टा एलआरईमध्ये एखाद्या रंगवलेल्या किनारीसारखा लखलखतो. खडकाच्या पोकळ्यांत हिरवं सेलाडोनाइट असतं, आणि गंमत म्हणजे चित्रकाराची हिरवी माती त्याच जातीची. शेवाळ, वटवाघळांचे ओघळ, साधूंच्या धुनीची काजळी ही भर वेगळीच. तेव्हा आधी भूमी ओळखा: ही खूण गिलाव्यावर आहे की उघड्या कातळावर? कातळावर असेल तर संशय दुप्पट.

डाग गुरुत्वाकर्षण आणि भेगा पाळतो. तो वरून खाली येतो, भेगेपाशी वळतो, खाली जाऊन पसरतो. कुंचल्याची रेषा भेगेला विचारत नाही; ती सरळ पलीकडे जाते आणि दोन्ही बाजूंना तिची जाडी सारखी असते. गिलावा जिथं तुटला तिथं ती कापल्यासारखी थांबते. डाग तुटलेल्या काठावरून आतही उतरतो.

सरळ कडांचा, एकसारख्या रंगाचा तुकडा दिसला तर तो बहुधा डागडुजीचा गिलावा. अजिंठ्यात आणखी एक अडचण आहे. निजामाच्या काळात, १९२० नंतर, बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, लावलं, आणि ते वर्षांनुवर्षं पिवळं-तपकिरी होत गेलं. त्यामुळे अजिंठ्यात वायडीएसनं दाखवलेला पिवळा आधी वॉर्निशचा समजावा, मग पिवडीचा. जिथं सफाई झाली आहे आणि जिथं नाही, त्यांची सीमारेषाही चित्राच्या काठासारखी दिसते.

कमीत कमी एवढी चाचणी करा: तीन वेगळ्या रंगावकाशांत खूण दिसते का, वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या उजेडात घेतलेल्या दुसऱ्या फोटोत दिसते का, आणि दोन माणसांनी एकमेकांना न सांगता ती कागदावर काढली तर जुळते का. तिसरी चाचणी सर्वात कठोर. लेणं बौद्ध आहे हे आधीच ठाऊक असल्यानं मन प्रत्येक गोल डागाला प्रभामंडळ समजतं. दुसऱ्या माणसाला जागेचं नावही सांगू नका. शेवटी प्रिंट घेऊन परत भिंतीसमोर जा आणि दूर उभं राहून छोट्या दुर्बिणीतून बघा. कुठं बघायचं ते कळल्यावर डोळ्यालाही बरंच दिसतं.

थर एकावर एक असतील, जसे अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनकाळातल्या चित्रांवर नंतरची चित्रं किंवा कैलासाच्या छतावर, तर डीस्ट्रेच दोन्ही थर एकाच सपाट चित्रात आणून टाकतं. वर कोण, खाली कोण हे ते सांगत नाही. ते काठावरून ठरतं: कुठली रेषा कुणाखाली जाते, गिलाव्याचा वरचा पापुद्रा निघाला तिथं खाली काय आहे. रंगानं लिहिलेल्या ब्राह्मी लेखांबाबतही हीच काळजी घ्या. अक्षराचा तुटका कानोमात्रा पडद्यावर पूर्ण दिसला तरी वाचन करणाऱ्याला मूळ फोटो शेजारी ठेवूनच द्या.

रेखाटन आणि नोंद

ताणलेलं चित्र हा पुरावा नाही, तो वाटाड्या आहे. अभ्यासाला लागतं ते रेखाटन. इंकस्केप (रेखाटनाचं सॉफ्टवेअर) किंवा गिम्पमध्ये मूळ फोटो खाली, ताणलेली दोन-तीन चित्रं त्यावर, आणि सर्वात वर रेखाटनाचे थर: खात्रीची रेषा अखंड, संशयाची तुटक, गिलावा गेलेला भाग करडा. संशयाची रेषा अखंड करायचा मोह रोज होईल, विशेषतः चेहऱ्यापाशी. हात किंवा डोळा "असणारच" म्हणून जोडलात तर ते पुनर्निर्मितीचं काम झालं. ते वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या नावानं.

फाइलच्या नावात जागा, लेणं, भिंत, फोटोचा क्रमांक आणि केलेली प्रक्रिया हे सगळं यावं. उदाहरणार्थ: पितळखोरा-३-डावाखांब-०७-एलआरई-१५. निवडलेला चौकोन कुठला होता, त्याचाही एक छोटा स्क्रीनशॉट ठेवा. तो नसेल तर तेच चित्र तुम्हालाही पुन्हा काढता येत नाही. रॉ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. अजिंठ्याला काही फरक पडत नाही, पण एखाद्या डोंगरातल्या राखण नसलेल्या लेण्यात रंगाचा पत्ता लागला असेल तर फोटो कुठंही टाकण्याआधी ती माहिती काढा, आणि पहिली प्रत मंडल कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला द्या. सोबत मूळ, न ताणलेला फोटो जोडा. नुसतं रंगीबेरंगी चित्र पाठवलं तर समोरचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो मूळ फोटो कुठंय हाच.